मोठा महामार्ग झाला, मग आमचा चौदा किलोमीटरच का उखडतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावाहून तालुक्याच्या बाजारपेठेला जाणारा १४ किलोमीटरचा रस्ता चार वर्षांत दोनदा डांबरी झाला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या पावसाळ्यात उखडला. तिकडे मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर उभा राहिला. म्हणजे राज्याकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, इंजिनिअर आहेत. मग आमच्याच रस्त्याला काय धाड भरते? सगळं टक्केवारीपाशी येऊन थांबतं, की आणखी काही आहे?

टक्केवारीपासूनच सुरुवात करतो, कारण तो विषय टाळला तर पुढचं कुणी वाचणार नाही. हो, टक्केवारी आहे. डांबर पाच टक्क्यांच्या जागी चार टक्के भरतं, ५० मिलिमीटरचा थर कोअर (तपासणीसाठी कापलेला गोल नमुना) काढला की ३८ चा निघतो, हे मी स्वतः मोजलेलं आहे. पण रस्त्याच्या कामात ३१ वर्षं गेली, आधी सरकारी नोकरीत आणि नंतर गुणवत्ता तपासणीत, आणि एवढ्या वर्षांत पाहिलेले दोन रस्ते डोळ्यांपुढून हलत नाहीत. एक अत्यंत सचोटीच्या ठेकेदाराने केलेला, मापात कुठे मारामारी नाही. तो तिसऱ्या पावसाळ्यात गेला. दुसरा अशा माणसाने केलेला, ज्याच्या कामाची हमी त्याचा सख्खा भाऊ देणार नाही. तो नऊ वर्षं चालला. पहिला काळ्या रानातून, दोन्हीकडच्या शेतांपेक्षा खालून जात होता. दुसरा माळावरून, खाली पक्का मुरूम आणि दोन्ही बाजूंना उतार. पाण्याने ठेकेदाराचं नाव विचारलं नाही.

म्हणून माझा पहिला उलटप्रश्न: दोन्ही वेळा तुमच्या रस्त्यावर नेमकं काय केलं? बहुधा आहे त्यावरच खड्डे भरून कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, आणि त्यावर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा लेप. म्हणजे दोनदा छप्पर बदललं, भिंती तशाच राहिल्या. डांबराचा थर वजन पेलतो असा सार्वत्रिक समज आहे. ग्रामीण रस्त्यावर हा थर जेमतेम इंच-दीड इंचाचा असतो. तो प्रामुख्याने पाणी अडवतो. वजन पेलते खालची खडी, तिच्याखालचा मुरूम आणि शेवटी माती. छपराला भोक पडलं की खालचं सगळं भिजतं, आणि भिजलेल्या मातीवर भरलेल्या ट्रकचं चाक आलं की काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तरी खड्डा कसा तयार होतो ते जरा बारकाईने सांगतो. डांबराला आधी केसासारखा तडा जातो. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं आणि खडीच्या पोकळ्यांत साचतं. वरून चाक गेलं की ते कोंडलेलं पाणी दाबाने वाट शोधतं आणि येताना खडीमधली बारीक माती घेऊन वर येतं. पावसानंतर रस्त्यावर तड्यांच्या कडेने पांढुरक्या गाळाचे ओघळ दिसतात ना, तो रस्त्याच्या पोटातला माल आहे. असं हजार वेळा झालं की खाली पोकळी होते, वरचं डांबर अधांतरी राहतं आणि एके दिवशी खचतं. खड्डा आपल्याला दिसतो तेव्हा त्याची बरीचशी गोष्ट घडून गेलेली असते.

आता पाणी मुळात रस्त्यावर थांबतं का? साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्याला अडीच टक्के बाक ठेवला, तर मधला भाग कडेपेक्षा जवळजवळ सात सेंटिमीटर उंच हवा. कागदावर तो असतोच. पण दोन-तीन वर्षांत साइडपट्टीवर गवत माजतं, त्यात धूळ अडकते, गाड्यांच्या चाकांचा चिखल बसतो आणि साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते. मग बाक असून काय उपयोग? पाणी कडेपर्यंत येतं आणि तिथेच डांबराच्या काठाला चिकटून उभं राहतं. पाहा, ग्रामीण रस्ता नेहमी कडेकडून खायला लागतो.

एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातल्या एका रस्त्यावर अख्खा तीन किलोमीटरचा पट्टा चांगला होता आणि साधारण दर दोनशे मीटरवर एकेक जागा चाळण झालेली. प्रयोगशाळेत नमुने ठीक आले. शेवटी जुलैत भर पावसात छत्री घेऊन तो पट्टा चालत गेलो. पहिल्याच जागी उत्तर मिळालं. शेतकऱ्याने शेतात ट्रॅक्टर उतरवायला रस्त्याकडेचं गटार मातीने बुजवलं होतं. गटारातून वाहत आलेलं पाणी त्या भरावाला अडून रस्त्यावर चढत होतं, आडवं वाहून पलीकडे उतरत होतं. पुढच्या जागीही तेच, त्याच्या पुढेही तेच. तिसऱ्या ठिकाणी एक आजोबा बांधावर उभे होते. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "आजोबा, हे गटार कुणी बुजवलं?" ते शांतपणे म्हणाले, "मीच की. मग साहेब, रानात गाडी काय डोक्यावर घेऊन जायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या वाटेखाली एक सिमेंटचा पाईप घातला असता तर प्रश्न मिटला असता. आमच्या अंदाजपत्रकात शेतांच्या वाटांसाठी एकही पाईप धरलेला नव्हता. डांबरीकरणाचं अंदाजपत्रक होतं ना ते.

काळ्या जमिनीचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडचा मोठा भाग तिच्यावरच आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात जातो. त्या भेगेवर तुम्ही कितीही चांगलं डांबर पसरा, खालची भेग वर उमटणारच. मातीची ताकद मोजायला सीबीआर नावाची चाचणी असते. भिजलेली काळी माती त्यात दोन-तीन टक्क्यांवर येते. बरा मुरूम सहज दहाच्या पुढे असतो. उपाय जुने आणि माहीत असलेले आहेत: वरची अर्धा मीटर माती काढून मुरूम भरा, किंवा मातीत चुना मिसळून ती शांत करा, रस्ता शेतांपेक्षा उचलून घ्या, गटारं खोल आणि लांब ठेवा. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, आणि खर्च मात्र यालाच जास्त येतो. तेवढ्याच पैशात चार किलोमीटर नीट करायचा की बारा किलोमीटर काळा करायचा, असा प्रश्न आला की बारा जिंकतात. हा निर्णय ठेकेदार घेत नाही.

आता कामाच्या दिवशी काय बघायचं ते. डांबराचा माल प्लांटवर साधारण १५० ते १६५ अंशांना मिसळला जातो. तो पसरून, रोलर फिरवून, पूर्ण दाबून व्हायला हवा तो १०० अंशांच्या खाली जायच्या आत. त्यानंतर रोलर फिरवला तर वरून गुळगुळीत दिसतं, आत पोकळ्या राहतात. पोकळ्यांचं प्रमाण आठ टक्क्यांच्या वर गेलं की रस्ता पाणी पिऊ लागतो. आता प्लांट ६० किलोमीटरवर, डंपरवर ताडपत्री नाही, वाटेत रेल्वे फाटक, आणि हंगाम डिसेंबरचा. एका संध्याकाळी मी थर्मामीटर मालात खुपसला तर ९४ दाखवत होता. मुकादम म्हणाला, "साहेब, धूर निघतोय की!" धूर भजीच्या गाडीवरही निघतो. तो डंपर परत पाठवला. पण त्या दिवशी मी तिथे होतो म्हणून. माझ्याकडे तेव्हा अशी पाच कामं चालू होती आणि जीप एक.

शाखा अभियंत्याकडे किती किलोमीटर आहेत, किती रिक्त पदं आहेत, हे कुणी विचारत नाही. असो.

वजनाकडे येतो, कारण इथे लोकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात: एक्सलवरचं, म्हणजे दोन्हीकडची चाकं जोडणाऱ्या आसावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. म्हणजे चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे प्रमाण एक्सल ८.१६ टनांचा धरतात. त्याच्या हिशेबात १६ टनांचा एक्सल एका फेरीत जवळपास पंधरा फेऱ्यांचं नुकसान करून जातो. उलट मोटारीचा एक्सल पाऊण टनाच्या आतला. तशा अठरा हजारांच्या आसपास एक्सल गेले तर एका प्रमाण एक्सलएवढी झीज. त्यामुळे "एवढ्या मोटारी वाढल्या म्हणून रस्ते खराब झाले" हे ऐकलं की मला हसू येतं. मोटारींनी गर्दी होते, रस्ता फुटत नाही.

केंद्राने २०१८ साली चार चाकांच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. ऐकायला सव्वा टन. चौथ्या घाताने मोजलं तर प्रत्येक फेरीला दीडपटीहून जास्त, सुमारे १.६ पट झीज. वाहतूकदारांच्या बाजूने त्यात तथ्य होतं, नवे ट्रक तेवढं पेलतात. पण रस्ते जुनेच होते. त्यांना कुणी कळवलं नाही.

आणि हे सगळं कायदेशीर वजनाचं. तुमच्या भागात साखर कारखाना असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या ऊस जातो ते तुम्ही रोज बघता. खडी क्रशर असेल तर हायवा, म्हणजे मोठे डंपर. आता गंमत पाहा. मोठा महामार्ग बांधला जात असतो तेव्हा त्याच्या भरावाचा मुरूम आणि खडी कुठून जाते? आजूबाजूच्या ग्रामीण रस्त्यांवरून. तो रस्ता आखताना दिवसाला दोन-चार ट्रक धरलेले असतात आणि दोन वर्षं त्यावरून रोज शंभर हायवा धावतात. महामार्गाचं लोकार्पण होतं, शेजारचा गावरस्ता नांगरल्यासारखा होतो. काम संपल्यावर तो पूर्ववत करून देण्याची अट करारात घालता येते. काही ठिकाणी घातलेली असते, आणि ती कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय क्वचितच पाळली जाते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: समृद्धी होतो, मग आमचा का नाही? हे दोन रस्ते एकाच सरकारचे असले तरी एकाच घरचे नाहीत. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाने केला. १९९६ साली स्थापन झालेलं हे महामंडळ कर्ज काढू शकतं, पथकर लावू शकतं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही त्यांचाच. समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा ५ जून २०२५ ला. एक प्रकल्प, एक मालक, स्वतंत्र पैसा, स्वतंत्र यंत्रणा. तुमचा १४ किलोमीटर बघा: गावापासूनचा पहिला भाग ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा. पुढे तो प्रमुख जिल्हा मार्गाला मिळत असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. मधे नगरपंचायतीची हद्द लागली तर तो तुकडा तिचा. एकाच रस्त्याला तीन मालक, तीन अंदाजपत्रकं, तीन वेगवेगळ्या वर्षी आलेला निधी. तुम्ही तक्रार कुणाकडे केली ते माहीत नाही, पण निदान एकदा तरी "हा भाग आमच्याकडे येत नाही" हे उत्तर मिळालं असणार.

ही उतरंड आली कुठून, ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं, कारण दोन्ही धागे आपल्याच मातीतले आहेत. १९२७ साली देशातल्या रस्त्यांची स्थिती तपासायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते आता स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चालले आहेत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, असं त्या समितीने सांगितलं. त्यातून १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-अभियंत्यांची संस्था, जिच्या संहिता मी आयुष्यभर उशाशी घेऊन झोपलो. मग डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी तिथे पक्की झाली. त्या आराखड्यातला एक निकष मला फार आवडतो: शेतीप्रधान भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं. रस्त्याचं माप किलोमीटरमध्ये नाही तर गावापासूनच्या अंतरात मोजायचं, हा विचार तिथे आहे.

आज राज्यात सगळ्या प्रकारचे मिळून तीन लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत. यातल्या राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर बातम्या होतात. ग्रामीण रस्त्यांना पंतप्रधान ग्रामसडक योजनेने थोडी शिस्त लावली. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या त्या योजनेत, काम केल्यावर पाच वर्षं देखभालही त्याच ठेकेदाराने करायची, ही अट होती. माझ्या मते सगळ्या योजनेतली ती एकच ओळ बाकीच्या पानांपेक्षा मोलाची. या दोघांच्या मधे जे अडकले आहेत ते प्रमुख जिल्हा मार्ग, आमच्या भाषेत प्रजिमा. आखणी बैलगाडीच्या काळातली, वाहतूक महामार्गाची, निधी मात्र तुटपुंजा. एसटीचे बहुतेक मार्ग यावरूनच. कांद्याचा टेम्पो लासलगावला, द्राक्षं पॅकहाउसला, टोमॅटो नारायणगावला जातात ते आधी प्रजिमावरून आणि नंतर महामार्गावरून. द्राक्षाचा मणी हादऱ्याने देठापासून सुटतो. माल बंदरात पोहोचतो तेव्हा कुठल्या किलोमीटरवर तो सुटला हे कुणी लिहून ठेवत नाही. महामार्गावर वाचलेला तास आधीच्या वीस किलोमीटरमध्ये खर्ची पडलेला असतो. जाळं म्हणून बघायचं तर राज्याचा वेग या प्रजिमावर ठरतो, आणि त्यांच्या देखभालीला दरवर्षी उरलंसुरलं मिळतं. तुमच्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर हवं असेल तर हे.

जाळ्याची किंमत ते तुटल्यावर कळते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोली भागात पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. हजारो ट्रक उभे. कोल्हापूरकडून येणारं दूध थांबलं, त्याचा ताण पुण्या-मुंबईला जाणवला, आणि कोल्हापुरात पेट्रोल-डिझेलची चणचण. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच ठिकाण. तेव्हा पर्यायी रस्ते नकाशावर होते, पण त्यांच्यावरचे फरशी पूल आधीच बुडालेले होते. नकाशावर रेघ असणं आणि ती पावसात वाहती असणं वेगळं.

सावित्री नदीवरच्या पुलाचं तर विसरणं शक्य नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नंतर तिथे नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला. सगळ्यांनी त्या वेगाचं कौतुक केलं, आणि करायलाच हवं. माझ्या मनात मात्र त्या जुन्या पुलाच्या पायथ्याची तपासणी राहिली आहे. पूल पडतो तो बहुतेक वेळा वरून नाही, पायाखालची माती पुराने खरवडून नेल्यामुळे. ते बघायला पाणी उतरल्यावर नदीपात्रात उतरावं लागतं. पुलावर उभं राहून "स्थिती समाधानकारक" लिहिता येत नाही, तरी लिहिलं जातं.

देखभाल म्हटलं की मला मैलकुली आठवतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ही माणसं होती. प्रत्येकाकडे ठरावीक लांबीचा रस्ता, हातात फावडं आणि घमेलं. सकाळी तो आपल्या हद्दीतून चालत जायचा, मोरीत अडकलेली काटकी काढायचा, साइडपट्टीवरचं गवत खरवडायचा, वितभर खड्डा असतानाच त्यात खडी आणि डांबर टाकून ठोकून घ्यायचा. त्याला कुठलीच मोरी नंबराने माहीत नसायची, पण "वडाच्या झाडाखालची दरसाल तुंबते" हे माहीत असायचं. ही पदं हळूहळू संपली. आता खड्ड्यांची निविदा निघते. निविदा निघेपर्यंत वितभर खड्डा आंघोळीच्या टपाएवढा होतो आणि मग गणपतीच्या तोंडावर त्यात मुरूम पडतो. खड्डा भरायची खरी पद्धत सगळ्यांना माहीत आहे: सैल झालेलं सगळं काढून खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापायचा, झाडून कोरडा करायचा, कडांना डांबराचा हात द्यायचा, थराथराने भरायचं आणि रोलरने दाबून जरासा उंच ठेवायचा. ओल्या खड्ड्यात ओतलेला माल पुढच्या एसटीच्या चाकाबरोबर बाहेर येतो. तो खर्च नाही, नैवेद्य आहे.

"मग सगळे रस्ते काँक्रीटचे करून टाका की" असं हमखास कुणीतरी म्हणतं. जिथे गावठाणातून रस्ता जातो, सांडपाणी रस्त्यावर येतं, पाणी थांबणारच आहे, तिथे काँक्रीट योग्य. महामार्गावरही, तीस वर्षांचा हिशेब धरला तर. पण काळ्या जमिनीवर नीट पाया न करता टाकलेली काँक्रीटची लादी फुटते तेव्हा ती दुरुस्त करणं डांबरापेक्षा कितीतरी अवघड असतं. शिवाय गावात दर दहा वर्षांनी थरावर थर चढतो आणि लोकांच्या उंबऱ्यात पाणी शिरतं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली झाला आणि डांबरी असूनही दशकानुदशकं खड्ड्याविना राहिला, हे उदाहरण सगळे देतात. लोक त्यात काहीतरी गुप्त मसाला शोधतात. मला वाटतं पाण्याचा निचरा आणि नीट दाबलेला थर, एवढाच तो मसाला.

आता तुम्ही काय करू शकता. रस्त्यालगत कामाचा फलक असतो. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असायला हवा. त्या कालावधीत उखडलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, तुम्ही नव्या निधीची मागणी करायची नाही. नवी मागणी केलीत की जुनी जबाबदारी आपोआप विस्मरणात जाते, हा अनुभव आहे. फलक नसेल तर माहितीच्या अधिकारात कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि चाचणी अहवाल मागा. थराची जाडी आणि डांबराचं प्रमाण त्यात मिळेल. कुणाचा अपघात झाला असेल तर हेही ठाऊक असू द्या की मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आहे.

पण रस्ता टिकवायचा असेल तर याहून उपयोगी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, दोघं-तिघं मोटारसायकलवर पूर्ण १४ किलोमीटर जा. जिथे पाणी रस्त्यावर चढतं, जिथे कडेला थांबतं, जिथे मोरी तुंबलेली आहे, तिथे मोबाईलवर फोटो काढा आणि किलोमीटर लिहा. माझा अंदाज आहे, चौदा किलोमीटरमध्ये अशा पंधरा-वीस जागा निघतील आणि तुमचे खड्डे बहुतेक त्याच जागी असतील. ही यादी शाखा अभियंत्याला सप्टेंबरअखेर नेऊन द्या, अंदाजपत्रक व्हायच्या आत. मार्चमध्ये नेऊ नका, तेव्हा तो बिलांत बुडालेला असतो. मागणी डांबरीकरणाची लिहू नका. शेतांच्या वाटांखाली पाईप, साइडपट्टी खरवडणं, मोऱ्या मोकळ्या करणं आणि सगळ्यात वाईट दोन किलोमीटरमध्ये माती बदलून मुरूम, असं लिहा. आणि ज्यांनी गटार बुजवलंय त्यांची नावं त्या यादीत घालू नका. पाईप मिळाले की ते स्वतःच मोकळं करतात. त्या आजोबांनी केलं होतं, पाईप उतरवायलाही तेच पुढे होते.